चेनसॉचा हरवलेला इंजिन स्क्रू: अस्सल घ्यावा, ऑनलाइन डबा घ्यावा की नट-बोल्टवाल्याकडे जावं?

चेनसॉचा एखादा इंजिन स्क्रू गळून पडला तरी मशीन सुरू होतं आणि लाकूडही कापतं. त्यामुळे "चालतंय ना" म्हणत ते भोक रिकामंच राहतं, आणि मग एके दिवशी सिलिंडर-पिस्टन बदलायचा खर्च समोर येतो. या एका स्क्रूसाठी बाजारात तीन वाटा आहेत. एक, कंपनीच्या डीलरकडचा अस्सल स्क्रू. दोन, ऑनलाइन मिळणारा बिनब्रँडचा मिश्र स्क्रूंचा डबा. तीन, बाजारपेठेतल्या नट-बोल्टवाल्याकडचा ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला. तिन्हींची पारख इथे मुख्यतः स्टिल (Stihl) या कंपनीच्या एमएस 180 आणि एमएस 250 या मशीनांसाठी केली आहे. पहिलं 31.8 सीसीचं, दुसरं 45.4 सीसीचं. निकाल आधीच सांगायचा तर सिलिंडर आणि क्रँककेसच्या (सिलिंडरखालची, क्रँकशाफ्टची पेटी) जागी अस्सल घ्या, बाहेरच्या कव्हरांना डबा चालतो, आणि नट-बोल्टवाल्याकडचा बोल्ट या दोन्हींच्या तोडीचा ठरू शकतो, पण घेणाऱ्याला मोजमाप कळत असेल तरच.

गेलाय तो नेमका कोणता

स्टिलच्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यात एकाच मापाची चांदणी असते, टॉर्क्स टी-27. त्यामुळे वरून सगळे सारखे दिसतात आणि इथेच पहिली फसगत होते. डोकं सारखं असलं तरी खालचे आटे वेगळे असतात. कंपनीच्या पार्ट लिस्टमध्ये मापाआधी एक अक्षर छापलेलं असतं. एम म्हणजे नेहमीचे मेट्रिक आटे, धातूत आधीच टॅप मारलेल्या, म्हणजे आटे पाडून ठेवलेल्या भोकासाठी. पी म्हणजे रुंद अंतराचे, स्वतःचे आटे स्वतः पाडणारे, बहुतेक प्लॅस्टिकच्या भागांसाठी. आटे पाडणारे काही स्क्रू हलक्या धातूतही वापरलेले असतात आणि त्यांचं अक्षर पुन्हा वेगळं असतं. पी जातीच्या भोकात एम जातीचा स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो आटे चिरडत आत गेलेला असतो. पुढच्या वेळी अस्सल स्क्रू आणला तरी त्याला धरायला काही उरत नाही.

आता जागेचं महत्त्व. स्टार्टरच्या कव्हरचा एखादा स्क्रू नसेल तर कव्हर खडखडतं, फार तर दोरी आडवी-तिडवी गुंडाळली जाते. सायलेन्सरचा स्क्रू नसेल तर गरम वायू बाजूने फुटतो, पॅकिंग जळतं, जवळचं प्लॅस्टिक वितळतं. सिलिंडर क्रँककेसला धरणाऱ्या चार स्क्रूंपैकी एक नसेल तर मात्र मशीन त्याच क्षणी बाजूला ठेवा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. खालचा जोड हवाबंद नसेल तर तिथून जास्तीची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं. वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता जास्त. पिस्टनवर उभे ओरखडे पडतात आणि तो सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस खाली यायला वेळ लागत असेल, किंवा आयडलिंगवर चेन फिरत असेल, तर ही हवा शिरायला लागल्याची खूण समजा. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून ती रेस खाली आणणं म्हणजे दुखणं झाकणं.

छोट्या मॉडेलांत क्लॅमशेल पद्धतीचं इंजिन असतं. सिलिंडरचा खालचा भाग हाच क्रँककेसचा वरचा अर्धा भाग, आणि खालून एक तबकडी स्क्रूंनी आवळलेली. या जोडात कागदी पॅकिंग नसतं, सीलंट असतं. इथला स्क्रू गळाला आणि मशीन तसंच चाललं असेल तर फक्त नवा स्क्रू घालून भागत नाही. कंपनाने सीलंटचा थर सुटलेला असतो. इंजिन उतरवून दोन्ही पृष्ठभाग साफ करून नव्याने सीलंट लावावा लागतो आणि प्रेशर-व्हॅक्यूम चाचणी करावी लागते. साधारण निकष असा की 0.5 बार दाब दिल्यावर तो निदान 20 सेकंद टिकला पाहिजे. या चाचणीचे पंप ज्या मेकॅनिककडे नाहीत त्याच्याकडे हे काम देऊ नका, तो कितीही जुना-जाणता असो.

हरवलेला स्क्रू कुठे गेला हेही शोधायचं असतं. रानात पडला असेल तर विषय संपला. पण फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतात आणि पोलादी स्क्रू त्यांना जाऊन चिकटतो. मग स्टार्टरची दोरी ओढताच तो इग्निशन कॉइल आणि फ्लायव्हीलच्या मध्ये अडकतो, नाहीतर पंख्याची पाती मोडतो. स्टार्टरचं कव्हर उघडून टॉर्च मारल्याशिवाय दोरी ओढू नका. दुसरी तपासणी भोकाची. पुष्कळदा स्क्रू हरवलेला नसतोच, त्याचं नुसतं डोकं तुटून पडलेलं असतं आणि दांडा आत रुतलेला असतो. नवा स्क्रू दोन आटे आत जाऊन थांबला की "आटे खराब झालेत" असं समजून जोर लावला जातो, आणि साध्या कामाचं मोठं काम होतं.

अस्सल स्क्रू

स्टिलचं भारतातलं बस्तान पुणे परिसरातच आहे, पण म्हणून प्रत्येक डीलरच्या काउंटरवर प्रत्येक स्क्रू तयार असतो असं नाही. चेन, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), प्लग, फिल्टर लगेच मिळतात, स्क्रू बहुधा मागवावा लागतो. मागवताना "इंजिनचा स्क्रू द्या" म्हटलं तर काहीतरी वेगळंच येण्याची शक्यता मोठी. पार्ट नंबर सांगा. कंपनीचे नंबर चार, तीन आणि चार अशा गटांत लिहिलेले अकरा आकडी असतात. मशीनचे खास भाग त्या मॉडेलच्या चार आकड्यांनी सुरू होतात, एमएस 180 साठी 1130 आणि एमएस 250 साठी 1123. स्क्रू मात्र अनेक मॉडेलांना सामाईक असल्याने त्यांचे नंबर 9 ने सुरू होतात. 9022 ने सुरू होणारे मेट्रिक आट्यांचे, 9074 ने सुरू होणारे आटे पाडणारे. डीलरने दाखवलेल्या पुडीवर हे पहिले चार आकडे पाहिले तरी निम्मी चूक टळते.

अस्सल स्क्रूचा फायदा लांबीत आहे. सिलिंडरच्या पंख्यांमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमधून) खोल खाली बसणाऱ्या स्क्रूचं डोकं आकाराने नेमकं असतं, चांदणी पुरेशी खोल असते आणि लांबी भोकाच्या तळाला टेकणार नाही इतकीच असते. पुन्हा काढ-घाल करायची वेळ आली तरी चांदणी गोल होत नाही. तोटे दोन. वाट पाहावी लागते आणि बाजारातल्या बोल्टच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. तरीही आकडा इतका लहान आहे की इंजिनच्या जोडासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही. चारही स्क्रू एकदम मागवणं शहाणपणाचं. एक गळाला म्हणजे बाकीचे तिघे त्याचा भार वाहत होते.

ऑनलाइन डबा

प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा डबा, आत एम4 आणि एम5 चे (4 आणि 5 मिमी जाडीचे) वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू, थोडे जाड आट्यांचे प्लॅस्टिकवाले, सोबत टी-27 चा एखादा बिट. जाहिरातीत दहा-बारा मॉडेलांची नावं. एका अस्सल स्क्रूच्या मागे धावण्यापेक्षा हे सोयीचं वाटतं आणि काही कामांना ते खरंच सोयीचं आहे. स्टार्टर कव्हर, हँडल, चेन-ब्रेकचं झाकण, वरचं आवरण यांसाठी डब्यातला स्क्रू बेलाशक वापरा. या जागी भार कमी असतो आणि स्क्रू वारंवार हरवतात.

इंजिनच्या जोडाला मात्र या डब्याची शिफारस करता येत नाही. बहुतेक डब्यांतल्या स्क्रूंच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा ताकदीचा आकडा नसतो, त्यामुळे किती आवळायचं याला काही आधार राहत नाही. चांदणी उथळ असते, बिट पूर्ण खाली बसत नाही आणि थोडा जोर पडताच निसटून कडा खातो. कोणती लांबी कोणत्या जागेची याचा तक्ता नसतो आणि 20 मिमीच्या जागी 25 मिमीचा स्क्रू बसवायचा मोह होतो, कारण कप्प्यात तोच उरलेला असतो. सोबतचा बिट तर सरळ बाजूला काढा. सिलिंडरच्या स्क्रूपर्यंत पोचायला 150 ते 200 मिमी लांब दांड्याचा, टी-आकाराच्या मुठीचा चांगला टी-27 पाना लागतो. तो एकदाच विकत घ्या. टी-25 चा बिट टी-27 च्या चांदणीत सैलसर बसतो आणि सैल कामांना फिरतोही, पण चांदणीची वाट लावायला तेवढं पुरतं.

डबा घेतलाच तर आल्या दिवशी व्हर्निअर लावून प्रत्येक कप्प्यावर माप चिकटवा. घाईच्या वेळी नजरेने निवडलेला स्क्रू एकतर अर्धा मिमी जाड निघतो, नाहीतर चार मिमी लांब.

नट-बोल्टवाला

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास एम5 चा ॲलन बोल्ट नाही असं होत नाही, आणि एका बोल्टला मूठभर रुपयेही पडत नाहीत. तालुक्याच्या गावीही मोटार गॅरेजला माल देणारं एखादं दुकान असतंच. ताकदीच्या बाबतीत हा बोल्ट अस्सलपेक्षा कमी नाही, त्याच्या डोक्यावर आकडा छापलेला असतो आणि 4 मिमीच्या ॲलन कीने तो नीट आवळता येतो. प्रश्न निवडीचा आहे.

डोक्याचा आकार पाहा. साध्या एम5 ॲलन बोल्टचं डोकं 8.5 मिमी रुंद आणि 5 मिमी उंच असतं. पंख्यांमधल्या भोकातून ते खाली उतरतं का आणि वर झाकण बसायला अडथळा होतो का, हे आधी बघून घ्या. गोल टोपीचा बटण बोल्ट दिसायला सुबक, पण त्याला 3 मिमीची की लागते आणि ती लवकर फिरते. इंजिनवर तो नको. अस्सल स्क्रूच्या डोक्याखाली रुंद कड असेल तर ॲलन बोल्टखाली कडक पोलादी वॉशर घाला आणि वॉशरच्या जाडीएवढी लांबी हिशेबात धरा.

12.9 चा काळा बोल्ट मागण्याची आपल्याकडे सवय आहे, "सगळ्यात भारी द्या" म्हणून. चेनसॉचं क्रँककेस मॅग्नेशियमचं किंवा ॲल्युमिनियमचं, मऊ. बोल्ट तुटायच्या कितीतरी आधी भोकातले आटे निघतात, त्यामुळे 12.9 ची ताकद वाया जाते. 8.8 चा झिंक चढवलेला बोल्ट पुरतो. काळा बोल्ट रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात गंजतो. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही, पण मॅग्नेशियमला खातो. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा, की मऊ धातूची पांढरी पूड व्हायला लागते आणि बोल्ट भोकात रुतून बसतो. किनारपट्टीच्या बागांत चालणाऱ्या मशीनला स्टेनलेस लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे.

आट्यांचा आणखी एक चकवा. एम5 चं आट्यांमधलं अंतर 0.8 मिमी. जुन्या इलेक्ट्रिकल सामानात येणारा, जुन्या ब्रिटिश मापाचा 2 बीए स्क्रू 4.7 मिमी जाड आणि 0.81 मिमी अंतराचा असतो, आणि अमेरिकन 10-32 चा 4.83 मिमी जाड, 0.79 मिमी अंतराचा. दोन्ही एम5 च्या भोकात आरामात शिरतात, बोटाने फिरवताना शंकाही येत नाही. आवळताना मात्र काही आट्यांवरच सगळा भार येतो. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या गॅरेजमध्ये जुनं होमलाइट किंवा मॅककलक असेल तर गोष्ट उलटी. त्या मशीनांत इंची आटे असतात आणि तिथे एम5 घालणं ही चूक ठरते. शंका असेल तेव्हा शेजारचा स्क्रू काढून दुकानात न्या आणि नट दोन्हींवर पूर्ण फिरवून पाहा.

52 किंवा 58 सीसीची स्वस्त चिनी बनावटीची मशीनं आता गावोगावी पोचली आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी ॲलन बोल्टच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी नट-बोल्टवाला हा सरळ पहिला पर्याय. त्यांचे मूळ बोल्ट नवीन असतानाच एकदा पान्याने तपासा, काही सैल सापडतीलच.

लांबी कशी ठरवायची, बसवायचं कसं

प्लगची टोपी काढा, मशीन थंड होऊ द्या. भोकाच्या भोवतालचा तेलकट भुसा ब्रशने आधी झाडा, नाहीतर तो भोकात जातो. बंद भोकात भुसा आणि तेल दाबलं गेलं तर स्क्रू खाली टेकण्याआधीच घट्ट वाटतो. खराट्याची काडी भोकात तळापर्यंत घालून नखाने खूण करा आणि मोजा. त्यात धरायच्या भागाची जाडी मिळवा आणि एकूणातून दोन मिमी वजा करा. हलक्या धातूत स्क्रूच्या जाडीच्या दुप्पट, म्हणजे एम5 ला 10 मिमी आटे पकडले गेले पाहिजेत. कमी असतील तर आटे सुटतील. जास्त लांब स्क्रू तळाला टेकला तर डोकं जोडाला दाबतच नाही, आणि आणखी फिरवलं तर भोकाचा उंचवटा चिरतो.

भोक ब्रेक क्लीनरने धुऊन सुकवा. स्क्रू हाताने भोकात उभा धरा आणि आधी उलटा, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवा. तो किंचित खाली टपकल्याचं बोटाला कळतं. तिथून सुलटा फिरवा. आटे पाडणाऱ्या स्क्रूंसाठी ही पायरी कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतच सांगितलेली आहे, कारण असं केल्याने स्क्रू जुन्याच आट्यांत जातो, नवे आटे कोरत नाही. मेट्रिक स्क्रूलाही ही सवय चांगली, क्रॉस आटा चढत नाही, म्हणजे स्क्रू तिरका जात नाही. पहिले चार-पाच आटे पान्याशिवाय बोटानेच गेले पाहिजेत. बॅटरीच्या ड्रिलने स्क्रू मारू नका.

धातूतल्या एम5 स्क्रूवर लॉकटाइटचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, मध्यम ताकदीच्या निळ्या 243 चा एक थेंब पुरतो. लाल 271 नको. ते सोडवायला ज्योतीची उष्णता द्यावी लागते आणि मॅग्नेशियमच्या क्रँककेसवर ज्योत धरणं म्हणजे आगीला आमंत्रण. प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला लॉकटाइट अजिबात लावू नका. धातूशिवाय ते नीट सुकत नाही आणि काही जातींच्या प्लॅस्टिकला तडे पाडतं. सायलेन्सरच्या स्क्रूलाही 243 चा उपयोग नाही, कारण त्याची झेप 180 अंश सेल्सिअसपर्यंतच आहे. तिथे मूळ जागी जो लॉक-वॉशर असेल तोच नवा घालावा.

सिलिंडरचे चारही स्क्रू आधी नुसते टेकवा, मग तिरप्या जोडीने, दोन फेऱ्यांत आवळा. एम5 साठी 8 ते 10 न्यूटन-मीटर हा साधारण पल्ला आहे. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. टॉर्क पाना नसेल तर टी-मुठीचा पाना एका हाताने, मनगटाच्या जोरावर आवळावा. पाइप लावून, खांदा घालून नाही. लॉकटाइटला पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात, तेवढा वेळ मशीन तसंच ठेवा.

आटेच गेले असतील तर

टेफ्लॉन टेप, एम-सील, एक माप मोठा स्क्रू ठोकून बसवणं, हे सगळे उपाय एका टाकीपुरते. खरा उपाय हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे. एम5 साठी 5.2 मिमीचा ड्रिल, हेलिकॉइलचा खास टॅप आणि 10 मिमी लांबीची कॉइल, एवढं लागतं. नेहमीचा एम5 टॅप इथे चालत नाही. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसवून तिची शेपटी तोडून बाहेर काढायची. ती क्रँककेसमध्ये पडली तर सगळं काम पाण्यात. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा आणि भोक सरळ पडावं यासाठी जमलं तर ड्रिल स्टँड वापरा. मॅग्नेशियमचा कीस पेट घेऊ शकतो, त्यामुळे ड्रिल हळू चालवा, कीस साठू देऊ नका आणि जवळ कोरडी वाळू ठेवा. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकू नये.

सरळ भोक पाडण्याची खात्री नसेल तर लेथवाल्याकडे द्या. हेलिकॉइलचा संच एका भोकासाठी घेण्यापेक्षा त्याची मजुरी बहुधा स्वस्त पडते, आणि नीट बसलेली कॉइल मूळ मऊ आट्यांपेक्षा जास्त टिकते.

बसवून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढा. पहिली टाकी संपल्यावर, इंजिन थंड झालं की रेघ पाहा. रेघ जुळलेली असेल तर पाना लावू नका, कारण लॉकटाइट धरलेला स्क्रू पुन्हा हलवला की त्याची पकड तुटते. रेघ सरकलेली असेल तर स्क्रू बदलण्याआधी कंपन कुठून येतंय ते शोधा. हँडलचे रबर किंवा स्प्रिंग तुटलेले, वाकडा बार, बोथट चेन, नाहीतर क्लचचं झिजलेलं बेअरिंग, याच क्रमाने पाहत जा.